सुनीच्या लग्नाचा लाल कोच

३ फेब्रु., मंगळ
लिहायचं लिहायचं म्हणत जानेवारी गेला. वही घेतली तेव्हा वाटलं रोज लिहू. आतापर्यंत तिच्यात एक मांजर काढलंय, तेही अर्धं.

सुरतहून येऊन मावशीकडे नुसता पडून होतो, म्हणून तिनं रावसाहेबांच्या बंगल्यावर कामाला लावलं. रावसाहेब जाऊन जमाना झाला. नातू पुण्यात, त्यांना आतलं सामान विकायचंय. मी फोटो काढून पाठवायचे, गिऱ्हाइकाला दाखवायचं. चाव्या नानांकडे. नाना बंगल्याचे जुने राखणदार. बंगला स्वतःचाच समजतात.

आज झुंबराचा फोटो. खालून नीट येईना म्हणून फरशीवर आडवा झालो. छतावर पोपट रंगवलेत. सगळे एका दिशेला बघतात, एकच उलटा. तो का उलटा, या विचारात झोप लागली.
नाना : "फोटू काढी ऱ्हायना का घोरी ऱ्हायना?"

५ फेब्रु., गुरू
दिवाणखाना. माणसाएवढे बिलोरी आरसे, संगमरवरी टेबल, खिडक्यांना लाल-हिरव्या काचा. दुपारी नानांचं धोतर निम्मं हिरवं दिसतं.

आणि कोच. लाल मखमल, सागवानी हात, टोकाला सिंहाची तोंडं. गावात लग्न कुणाचंही असो, नवरा-नवरी याच कोचावर. रावसाहेबांच्या बायकोनं, आईसाहेबांनी, स्वयंपाकीणबाईंच्या पोरीसाठी पहिल्यांदा पाठवला, तेव्हापासून ट्रॅक्टरवरून वाजतगाजत जातो. सोबत नाना, चादर घेऊन. हळदीचा हात लागू नये म्हणून.

मावशीच्या पोरीचं, सुनीचं लग्न २० ला. मुलगा वरणगावचा. पोरीनं डीजे मागितला नाही, ड्रोन मागितला नाही. "दादा, कोच तेवढा बघ." ती पाळण्यात असताना मावसाजी गेले. त्यांचा हसतानाचा एकच फोटो आहे घरात, लग्नातला, याच कोचावरचा.
म्हटलं, काळजीच करू नको. माझ्या ताब्यातच आहे सगळं!!

८ फेब्रु., रवि
इंदूरचा सेठ आला. जुनं फर्निचर घेतो. एवढे आरसे, एवढं झुंबर, पण हा जाऊन बसला कोचावरच.
मी : "ढेकूण आहेत."
सेठ खूश. "मतलब असली जुना आहे."
मग दुसरं काढलं. "यावर जो बसतो त्याचं लग्न लागतंच, सेठ. गावात कुणी सुटला नाही." वाटलं, घाबरेल.
सेठ : "अकेला बसला तरी?"
पन्नाशीला आलाय, बिनलग्नाचा. मला काय माहीत! चहा निवला तरी उठेना. कोच पक्का केला. आरशाकडे बघितलं, पण भांग नीट करायला.
टेम्पो १८ ला.

९ फेब्रु.
सुनीला सांगितलं नाही. पुण्याच्या मालकांना फोन केला : दोन दिवस उशिरा द्या की.
"अरे, बंगला आहे तो, मंगल कार्यालय नाही. व्यवहार झाला."
नंतर आणखी काही बोलले. मी पोपट बघत होतो.

१२ फेब्रु., गुरू
मावशीला कळलं. "तुना डोकामा भुसा भरेल शे का रे?" शेजारपाजाऱ्यांनी ऐकलं.
सुनी काही ओरडली नाही. "प्लॅस्टिकच्या खुर्च्या पण बऱ्या असतात, दादा."
त्यापेक्षा मावशी परवडली.

१४ फेब्रु.
नानांनी तोड काढली. सेठला फोन लावायला लावला : मस्त पॉलिश करून देतो, २२ ला न्या. सेठ लगेच तयार. "हां हां, चमकना चाहिए."
नाना म्हणाले, "बठ्ठं गाव बशी गये त्यावर, आनि आपली सुनी उभी ऱ्हाई का?"
पॉलिश केल्याचं नुसतं सांगणं नानांना पटेना. खरंच करायचं ठरलं. काम माझ्याकडे.

१८ फेब्रु., बुध
परवा कोचाचा एक हात घासून झाला आणि खिडकीतून ठेलारी मेंढपाळांचा कळप दिसला. मेंढ्या, घोडी, घोडीच्या पाठीवर कोंबड्या बांधलेल्या. कोंबड्या पडत कशा नाहीत बघायला गेलो, तर पुढच्या गावात निघालो. त्यांनी भाकरी दिली. राहिलोच.
(नाही पडत. सवय असते त्यांना.)

आज परत आलो. ब्रश वाळून काठी झालेला. नानांनी रागारागात आख्खा डबा एकट्यानं चढवलाय. कोच असा चमकतोय! सिंहाच्या तोंडावर हात ठेवला, सुटेना.
नाना : "आते फुक."
पंखा लावला. लाईट गेली.

२० फेब्रु., शुक्र, मांडवामागे, कांद्याच्या गोण्यांवर बसून
कोच आला. वाजतगाजत. नानांची चादर आज आत, वर केळीची पानं : कोचाच्या हातांना ती बांधलीत, ओलं पॉलिश चिकटू नये म्हणून. नवरदेवाची आई म्हणे, किती छान सजावट. आता मांडवात सगळ्यांच्या तोंडी तेच.

सुनी हळद उतरवून आली, मांडवात कुणी नाही बघून बसली. डाव्या बाजूला. फोटोत मावसाजी बसलेत तिथंच. मी पानांच्या गाठी उगाच परत परत बांधल्या.

वरात पारावर पोचलीय. अजून थोडा वेळ कोच वाळला तर

नाना पळत येतायत. एका हातानं धोतर सावरत.
"सेठ येल शे!"
"आजच? टेम्पो घेऊन?"
"नही रे भो. नवा सदरा घालीसन, मायले संगे लिसन."