देठाशी टेकवलेला अंगठा

ती. ताईस, दुरूनच पायांवर डोकं ठेवतो.

मी मजेत आहे. भावोजींचा खोकला थांबला का?

दुकानातल्या स्कॅनरच्या काचेवर फुलं-पानं मांडून मी चित्रं काढतो, ती लोक आवडीनं घेतात. फक्त त्या चित्रांना चौकटी बसवणारा शेजारचा दुकानदार हल्ली फार गोड बोलतो. "दादा, तुमच्या हातात जादू आहे!" परवा मात्र मधल्या फळ्यांच्या भिंतीतून त्याचं फोनवरचं बोलणं कानावर आलं, "चित्रं माझीच हो! अजून दहा छापून देतो."

मी उलट त्याला चहा पाजला. आईला यातलं काही सांगू नकोस.

आता प्रत्येक फुलाच्या देठाशी मी काचेवर माझा अंगठाही टेकवतो. चोरायचंच असेल तर ठशासकट चोर म्हणावं!

तुझाच,
धाकटा