तोंडातला बोळा

कोरेगाव, १२ जानेवारी १९९४

मुलांची रहस्यकथा उद्या सांगलीच्या छापखान्यात द्यायची होती. नायिका बहिरी, खुणांनी बोलणारी. एकही चूक नाही या ऐटीत शेजारचे बहिरे टेलर शंकरराव यांना वाचायला दिली. चोर तिच्या तोंडात बोळा कोंबतात, तिथं ते पोट धरून हसले. खुणा करू लागले. त्यांची बायको म्हणाली, "आवं, ते म्हणत्यात, त्वांड कशाला? हात बांधा की तिचं!"

बोळा! कसं सुचलं नाही मला? त्या बोळ्यापायी ती दोन प्रकरणं असहाय पडून राहते. दोन्ही फाडली. उद्या सांगली नाही.

बोळा मात्र ठेवला. चोरही तोंडानं बोलणारे, माझ्याइतकेच शहाणे. ते तिचे हात मोकळे सोडणारच, आणि त्यातच सापडणार.