कोपऱ्यातली पेन्सिलीची खूण

दादा,

कारखान्यात प्रत्येक कागद तू वाचायचास, कोपऱ्यात पेन्सिलीने बरोबरची बारीक खूण करायचास आणि मी डोळे झाकून सही ठोकायचो. तीस वर्षं आपण पंप असेच विकले. राज्यपाल झालो तेव्हा तू हसून म्हणालास, "आता तरी वाचत जा रे बाबा."

काल दुपारी समोर फायलींचा गठ्ठा होता. एका कागदावर तशीच खूण दिसली आणि हात आपोआप चालला. आज सचिव म्हणाले, "साहेब, त्या कैद्याचा दयेचा अर्ज आपण फेटाळलात. सोमवारी सकाळी फाशी." ती खूण कारकुनाने पानं मोजल्याची होती.

फाईल परत मागवली, तर राज्यपाल न वाचता सही करतात हे जगजाहीर होईल. सकाळपासून चारदा फोन उचलला आणि खाली ठेवला.

हे पत्र तुला पाठवायची छाती नाही. वाचल्या वाचल्या तू एवढंच विचारशील, "त्या माणसाचं नाव काय?"

दादा, मला ते माहीत नाही.

तुझा धाकटा