जुना बेस, नवा बेस आन् मामा

५ फेब्रुवारी, गुरुवार
काल साखऱ्याला हळदीचा कार्यक्रम वाजवला. नवरदेवाचा काका नाचायला उठला तवा मी माह्या ऑक्टोपॅडचं बटन दाबून म्हैस रेकवली. काकाला वाटलं खरीच आली. मांडवाच्या बाहेर बघून आला बिचारा. बाया हसून हसून बसल्या खाली.
बालाजीभाऊ म्हणजे आमच्या बँड पार्टीचा मालक आन् गाणारा बी. गाडीत म्हणला, "ती म्हैस इकून टाक. न्हाईतर तुला इकतो."
म्हणलं, "भाऊ, दूध तर देते ना."
मंग खरी बातमी सांगितली. नवा बेस गिटार येऊन राहिला. डीजेवाले लोकायची छाती हलवतेत, आपला बेस पोट बी हलवत न्हाई म्हणे. मामा, माह्या आईचा सख्खा भाऊ, पार्टी निघाली तवापासून बेस वाजवतो. तो खिडकीतून बाहेर बघत बसला.

८ फेब्रुवारी, रविवार
नवा आला. पाच तारा, पोटात चौकोनी बॅटरी, वजनाला हलका. जुना चार तारायचा. लाकूड असं जड की मामाचा डावा खांदा उतरलाय.
जुन्याच्या तारा मामानं कधीच बदलल्या न्हाईत. गंजू नये म्हणून खोबरेल लावतो, बनियनच्या चिंधीनं. रेहान, आमचा कीबोर्डवाला, वसमतचा, म्हणतो, "मामू, ये गिटार है के चोटी?"
मामा म्हणला, "वेणीच समज. तेल लावायचं सोडलं की गळती लागंल."
प्रॅक्टिस हट्टा गावाला, मामाच्या हळदीच्या शेडात. मधी फळ्यांचा ओटा ठोकलाय, त्याच्यावर सगळं सामान. वाद्य हातात घेतलं की मामा चप्पल काढतो. त्याच्या धाकानं आमी बी. थंडीत पाय गार पडतेत, पर बोलायची सोय न्हाई.
पुढं जु. म्हणजे जुना, न. म्हणजे नवा. सारखं सारखं कोण लिहील.

९ फेब्रु., सोम
दिवसभर दोन्ही ऐकले. वाजवायला रेहान, त्याला थोडाफार येतो बेस.
न. टंग. बोट लागलं की लगेच. सूर सुट्टा सुट्टा, हरभऱ्यावाणी. पाचवी जाड तार वाजली की शेडाचा पत्रा बोलतो.
जु. धुम्म. कुठून सुरू झाला कळत न्हाई. कळेपर्यंत संपला.
जवळ उभं राहिलं तर न. लईच भारी. मंग चालत रोडपर्यंत गेलो. तिथं न. ची नुसती टकटक. जु. चा सूर कळंना, पर चाल आपोआप पायात आली. मोबाईलात भरून ऐकलं तर जु. गायब. हायच न्हाई जणू.
म्हणजे उभं कुठं राहता त्याच्यावर हाय. भाऊला फोनवर सांगितलं. म्हणला, "लोक ष्टेजसमोर नाचतेत. रोडवर कोण नाचतं? तुही म्हैस?"
आणखी एक. न. चुगलखोर हाय. बोट जरा सरकलं, जरा उशीर झाला, की लगेच समद्यायला सांगतो. जु. पोटात ठेवतो.
तरी माहं मत न. लाच. भाऊला तसं कळवून टाकलं.

१२ फेब्रु., गुरु
मामा चिडलाय माह्यावर. "तुमच्याकडं पाठ करून बसतो. कोणता वाजला ते सांगतो. चुकलो तर नवा घ्या, मी गप."
ओट्यावर मांडी घालून बसला, तोंड भिंतीकडं, तळहात फळीवर टेकून. रेहाननं उलटासुलटा वाजवला. मधीच दोनदा एकच. मामा एकदा बी चुकला न्हाई. बोलायला बी वेळ न्हाई लावला. "जुना. नवा. नवाच. जुना."
रेहान म्हणला, "मामू के कान हैं या मशीन."
मामा मिशीत हसला. मला झोप न्हाई आता. काहीतरी चोरी असणार.

१३ फेब्रु., शुक्र
चोरी धरायची म्हणून स्पीकरखाली हळदीच्या बारदान्याची, रिकाम्या पोत्यायची, थप्पी ठेवली, मऊ. फळी हलून खूण मिळते का ते बघायचं, ओटा वाजला न्हाई पाहिजे. बाकी सगळं कालच्यासारखंच. मामाला बसवलं.
सुरुवातच चुकला. मंग परत चुकला. मंग उत्तर द्यायच्या आधी थांबायला लागला.
मला चेव आला. रेहानला खूण केली, आवाज बंद कर, नुसती बोटं हलव. त्यानं तसंच केलं. शेडात चिमणीचा आवाज तेवढा.
मामा म्हणला, "जुना. जरा हळू वाजवून राहिला तू. पर जुनाच."
रेहान फुटला हसून. मामानं मान वळवली, रेहानचं तोंड बघितलं, आन् मंग तो बी हसला.
मला न्हाई आलं हसू.

१५ फेब्रु.
शिवरात्र. भगर, आमटी. प्रॅक्टिस न्हाई.
मामा बी काही साधा न्हाई. लहानपणी मला कणसातलं भूत दाखवून रडवणारा तोच. मुद्दाम चुकून बदला घेतला असंल माहा. असंलच.

१६ फेब्रु., सोम
न्हाई.
मामाच्या घरी गेलो. मामा अंगणात पाठमोरा, शेंगा सोलत. मागून म्हणलं, "मामा, पाठीवर पाल हाय." चुलीपासली मामी दचकून उठली. मामा शेंगा सोलतच राहिला.
मामीनं मला आत वढलं. "ड्रमानं खाल्ले त्यायचे कान. त्यायला समोर येऊन बोलत जा. आन् कुणाला सांगू नको, तुला माही आन."
ड्रम म्हणजे हळद पॉलिश करायचा. उकडून वाळवलेली हळद लोखंडी ड्रमात घालून फिरवायची, साल निघेपर्यंत. त्याच्याजवळ उभं राहिलं की आपलंच बोलणं आपल्याला कळत न्हाई. मामा सीझनभर तिथंच उभा असतो, दरसाल. भाड्यानं दुसऱ्याची बी काढून देतो.
म्हणजे ओटा. पाय. तळहात. मामा फळीतून ऐकतो. आन् चप्पल काढतो म्हणून आमी समजत व्हतो देवभोळा हाय.

१९ फेब्रु., गुरु
भाऊ आला. मामाच्या गळ्यात न. दिला. वाजवला.
मामा माह्या पॅडच्या मागं पडत व्हता. केसाएवढा, पर न. कुठं लपू देतो. भाऊ गाता गाता थांबला. "मामा, काय झालं?"
"हात बसायचाय आजून."
मी म्हणलं, "भाऊ, जुनाच बरा. गाण्याखाली गादीवाणी बसतो."
"परवा तर नवा नवा करून राहिला व्हता तू."
"तवा जवळून ऐकलं व्हतं."
"मंग आता लांब जाऊन ऐक. पार हिंगोलीला जाय."
मामा माह्याकडं बघत व्हता. मला कळलंय हे वळखलं का त्यानं? मी उगाच म्हशीचं बटन दाबलं. कुणी हसलं न्हाई.

२२ फेब्रु., रवि
युक्ती. माह्या पॅडवरच्या किकचा, म्हणजे मोठ्या ढोलाच्या ठोक्याचा, आवाज बदलला. एकदम खालचा, जाड घेतला आन् स्पीकर बारदान्यावरून काढून फळीला चिकटवून ठेवला. मामाला माहा ठोका पायातून गेला पाहिजे.
गेला. मामा बराबर आला, न. वर सुद्धा. एक गाणं तर असं बसलं की अंगावर काटा.
पर समदं गाणंच जड झालं. भाऊचा आवाज त्याच्याखाली दबला. रेहान म्हणला, "तेरा किक है या ट्रॅक्टर? हल्का रख."
म्हणजे एकाला ऐकू जावं म्हणून बाकीच्यायचं झाकायचं. कार्यक्रमात न्हाई चालणार. तिथं ओटा बी नसतो, लोखंडी ष्टेज, वर गालिचा.
जु. असता तर? जु. छातीला टेकतो, लाकूडच थरथरतं, त्याला फळी लागत न्हाई. म्हणून तर इतके दिवस निभलं. न. हलका, सगळं वायरीतून स्पीकरला देऊन टाकतो. वाजवणाऱ्यापाशी काहीच ठेवत न्हाई.

२४ फेब्रु., मंगळ
भाऊचा निरोप. रविवारी सिद्धेश्वरला लग्न, मोठं गिऱ्हाईक. नवाच वाजंल. मामाचा हात बसत नसंल तर रेहानचा चुलतभाऊ हाय तयार, पाच तारायवर त्याचा हात फिरतो.
मामाला कुणी सांगायचं यावर भाऊ काही बोलला न्हाई.
मामीची आन. भाऊला कारण सांगितलं तर मामा पार्टीतून सुटतो, न्हाई सांगितलं तरी…

२६ फेब्रु., गुरु
दुपारी शेडात गेलो. मामा एकटाच. दोन्ही बेस ओट्यावर आडवे ठेवलेले. नव्याला बी तेल लावून राहिला व्हता.
समोर जाऊन बसलो.
मामा म्हणला, "त्या दिवशी बारदाना तू ठेवला व्हता."
"व्हय."
"रेहान हसला म्हणून मी हसलो."
मी तेलाची वाटी त्याच्याकडं सरकवली.
"भाऊला माह्या कानाचं सांगितलं?"
मान हलवली, न्हाई म्हणून.
"रेहानचा भाऊ येऊन राहिला म्हणे रविवारी. मला मामीकडून कळलं. गावाला आधी, मला शेवटी." हसला. मंग जु. उचलला, एक चाल वाजवली. तीच न. वर वाजवली. दोन्ही बराबर वाजवल्या, संथ असल्या की चुकत न्हाई तो. चिंधी बाजूला ठेवली.
"माहं राहू दे बाजूला. लग्नातल्या लोकायला कोणता बरा वाटंल? मला आता फरक पायातलाच कळतो. कानातला न्हाई कळत. तुला ऐकू येतं, तू सांग."
मला प्रत्येक गोष्टीवर काहीतरी सुचतं. मास्तरनं वर्गाबाहेर काढलं तवा बी सुचायचं.
खरं उत्तर हाय माह्यापाशी. ष्टेजसमोरच्याला न. बरा हाय. नऊ तारखेलाच लिहून ठेवलंय. तवा मला मामाचं काही ठाऊक नव्हतं, म्हणजे ते खरं ऐकलेलं. आता ऐकतो तवा मला जु. बरा वाटायलाय. कान फिरला का मन, मलाच कळंना.
खाली बघून काहीतरी बोललो. काय बोललो ते बी नीट आठवत न्हाई.
मामा पुढं वाकला, माह्या ओठायकडं बघत. "काय म्हणला? परत सांग."