माझं नाशपतीचं गाणं आणि मेबलची टोपी

न्यूयॉर्क, ३ मार्च १९१०
आजपासून मी गाणी रचणार. ठरलं. बटाटे सोलता सोलता एक आपोआपच आलं: ‘परसातल्या नाशपती, तुझ्या फांदीवर माझी प्रीती.’ सूनबाई विनी म्हणाली, सासूबाई, बटाट्याबरोबर बोट सोलाल. तिला कान नाही. तिच्या माहेरी कोणालाच नाही. पावात मीठही घालत नाहीत ते.

५ मार्च
अठ्ठाविसाव्या रस्त्यावर गेले. प्रत्येक खिडकीत एक पियानो बडवला जातोय. गाणी छापणाऱ्या वेक्सलरसमोर मी गुणगुणले, त्यानं वाजवलं. सूर लिहिता येत नाहीत मला. पाखरांना कुठे येतात? तो म्हणाला, मिसेस टूही, झाडासाठी हल्ली कोण रडतंय? लोकांना ‘मेबलची नवी टोपी’ हवी. त्यांच्याकडे गाणी रचणाऱ्या मिल्टनचं नवं गाणं. म्हटलं, टोपीपेक्षा झाड जास्त टिकतं.
तरी काम दिलंन. थिएटरात गॅलरीत बसायचं. गाणारणीनं ‘मेबल’ धरलं, की दुसऱ्या पालुपदाला जणू राहवलंच नाही असं उठून गायचं. मग लोकही गातात. मी कोण ते त्याला कळलंय. माझी गाणी छापण्याआधी मला थिएटरं माहीत करून देतोय, दुसरं काय!

१२ मार्च
रोज नवं थिएटर. काल डोळ्यांत पाणीसुद्धा आणलं. टोपीसाठी! विनी कधी थिएटरात येत नाही, तिला काय कळणार. तिला सांगितलं, छापील गाण्याच्या पहिल्या पानावर माझा फोटो येणार. म्हणे, तिथे गाणारणीचा छापतात. बघू की. कॉलरला इस्त्री करून ठेवलीय.

२ एप्रिल
वेक्सलर नमला! थिएटरातली गाणारीण मिस कोरा डेल शुक्रवारी माझं नाशपती गाणार. लोकांनी पालुपद उचललं तर छापतो, नाही तर पुन्हा झाडाचं नाव काढायचं नाही, म्हणाला. म्हटलं, शाई मागवून ठेवा.

८ एप्रिल, शुक्रवार
कोरा गोड गायली. शेजारची बाई चक्क नाक पुसत होती. दुसरं पालुपद आलं आणि या वेळी मला खरोखरच राहवलं नाही. उठले. गायले. खालून एक धटिंगण ओरडला, अरे, ही तर मेबलवाली म्हातारी! आज कुणाचं गाणं खपवतेस गं, आजी? अख्खं थिएटर खिदळलं. मी ओरडले, हे माझं आहे, माझं स्वतःचं! तर आणखीच हसले. मग कोणी मेल्यानं ‘मेबल’ सुरू केलं आणि सगळ्यांनी ते उचललं.
मी बसले नाही. पालुपद पुरं करूनच बसले. गाणं उत्तमच आहे. लोक हलके होते.
वेक्सलर एवढंच म्हणाला, झाड संपलं, आजीबाई.

९ एप्रिल
सकाळी बटाटे. बेत पक्का: पुढचं गाणं याहून सरस, आणि थिएटरात जाताना डोक्यावरचं बॉनेट बदलायचं, म्हणजे कोणी ओळखायला नको. विनी आली, दुसरी सुरी घेऊन सोलायला लागली. थोड्या वेळानं म्हणाली, सासूबाई, आत्ता गुणगुणताय ना, ते मात्र मनात बसतं हं. हेच न्या त्यांच्याकडे.
माझी कॉलर ताठ! विनीला कान फुटले म्हणायचे. पुन्हा म्हणून पाहिलं.
‘मेबलची नवी टोपी.’ दुसरं पालुपद. आणि मी उभी होते.