मागच्या कार्बोरेटरचा स्क्रू

ओर्नेलाताई,

परीक्षेच्या कामाला तीन दिवस कुनेओला चाललोय. तू पोचशील तेव्हा बाबा गॅरेजमध्ये माझ्या लाल गाडीत डोकं घालून बसलेले असतील. जेवायला हाक मारलीस की आधी ओरडतील, मग येतील. सूप फ्रिजमध्ये आहे.

एक काम सांगतो. आई गेल्यावर बाबा अंथरुणातून उठेनात, म्हणून मी ही दोन सीटांची जुनी खटारा गाडी घेतली. तुला हौस म्हणून सांगितलं होतं, ते खोटं. बाबांनी मे महिन्यातच ती ठणठणीत केली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पांघरूण ओढून घेतलं. तेव्हापासून रोज संध्याकाळी, ते बातम्या बघत असताना, मी मागच्या कार्बोरेटरचा पितळी स्क्रू अर्धा फेरा डावीकडे फिरवतो. सकाळी गाडी खोकते. बाबा रबरी नळी कानाला लावून दोष शोधतात आणि मला ऐकवतात, "गाढवा, हे भंगार कोणी मारलं तुझ्या गळ्यात? लॅटिनच शिकव तू!" इतका खूश माणूस आपल्या घरात दुसरा नाही.

तर तेवढा स्क्रू फिरव. अर्धाच.

विसरलीस तरी घाबरू नकोस. मंगळवारी मीही विसरलो होतो. बुधवारी पाहतो तर स्क्रू चांगला एक फेरा फिरलेला आणि गाडी खोकतेय. बाबा माझ्याकडे न बघता म्हणाले, "ये, दिवा धर जरा. एकट्याने होत नाही हे."

फुल्व्यो