कबुतरं फुटण्याविषयी

तीर्थरूप ताईस,

साष्टांग नमस्कार (कागदावरच, खरोखर घातला तर मला उठवायला दोन माणसं लागतील). भाऊजींचा गुडघा कसा आहे? तुझ्या वर्गातल्या मुलांनी प्रयोगशाळेचा पडदा जाळला म्हणे. आम्ही सगळे खुशाल आहोत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. खरं म्हणजे बाबा जेवत नाहीत, आणि त्याला कारण मी आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण पत्र आलं की तू शेवटचं पान आधी उलटतेस.

पेपरातलं माझं काम तुला माहीतच आहे. (बाबा नातेवाइकांना ‘संपादनात आहे’ असं सांगतात. मी भोकं बुजवतो.) बातमी आखूड पडली की पानाच्या तळाशी बोटभर पांढरी जागा उरते, आणि पांढरी जागा दिसली की आमच्या संपादकांच्या अंगावर काटा येतो. मग मी तिथे ज्ञान भरतो. उंटाला पापण्या किती, लिंबाने कुठले डाग जातात, असलं काहीबाही. महिन्यापूर्वी अशीच आठ ओळींची जागा उरली. त्या दिवशी सकाळी तुझ्या भावजयीने मला खिडकीची चौकट तिसऱ्यांदा घासायला लावली होती. आई गेल्यापासून बाबा रोज तिथे मूठभर कच्चे तांदूळ टाकतात, आणि गल्लीतली झाडून सगळी कबुतरं आमच्याकडे जेवायला, आणि जेवल्यानंतरचं सगळं उरकायला येतात. माझं डोकं फिरलेलं होतं. मी ठोकून दिलं की कच्चा तांदूळ पाखराच्या पोटात पाणी पिऊन फुगतो आणि पाखरू आतून फुटतं, असं शास्त्रज्ञांचं मत आहे. (शास्त्रज्ञ म्हणजे मीच.) लहानपणी हे कुठेतरी ऐकलं होतं, तूही ऐकलं असशील, कोणी तांदळाचं सांगायचं, कोणी खायच्या सोड्याचं.

बाबा तांदूळ टाकायचे थांबतील, एवढाच हेतू होता. थांबले, त्याच संध्याकाळी. चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासलेला माणूस. त्यांचा हिशेब सरळ. चूक असती तर छापण्याआधीच कोणीतरी पकडली असती, तेव्हा छापून आलं ते खरं. पण ते नुसते थांबले नाहीत. अकरा वर्षं रोज एक मूठ, म्हणजे आपण किती जीव फोडले, ह्याच विचारात बसून राहिले. आधी भात सोडला, मग बाकीचंही नकोसं झालं. आता उजवा हात मांडीखाली दाबून बसतात, आणि हिने फारच गळ घातली तर डाव्या हाताने दोन घास खातात. पायजम्याची नाडी दोनदा गुंडाळावी लागते. करायला गेलो एक आणि झालं भलतंच, ताई. मला त्यांच्याकडे बघवत नाही.

मी कबुली देऊन पाहिली. समोर बसून सांगितलं की बाबा, ते मीच लिहिलं, शुद्ध थाप आहे. त्यांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. म्हणाले, माझं मन राखायला खोटं बोलतोयस, आणि ती वाक्यं तुझी नाहीतच, फार नेटकी आहेत. (संपादकांनी हात फिरवला होता. एरवी ढुंकून बघत नाहीत.) मग खुलासा छापा म्हणून संपादकांच्या मागे लागलो. ते म्हणाले, आपला पेपर चुकत नाही, आणि खुलाशाला बारा ओळी लागतील, जागा आठच आहे.

इथवर सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. पण मग कबुतरं फुटायला लागली. खालच्या टेलरने सांगितलं की दवाखान्यातल्या कंपाउंडरने एक फुटताना पाहिलं. कंपाउंडर म्हणाला, मी नाही, माझ्या मेहुण्याने. सुट्टी टाकून मेहुण्याला गाठलं, तर तो म्हणाला, पेपरात वाचलं. म्हणजे चपला झिजवून मी माझ्याच टेबलापाशी पोचलो. मला हायसं वाटलं. परत येऊन टेलरला हे सांगितलं, तर त्याने मशीनचं चाक हाताने थांबवलं आणि म्हणाला, कंपाउंडरचं सोडा, मंगळवारी मी स्वतः पाहिलं. कबुतर आपल्या गच्चीवरून उडालं आणि कागदी पिशवी फोडल्यासारखा आवाज झाला. रक्त नाही, काही नाही. पिसं बराच वेळ खाली येत होती. त्यांच्याबरोबर दाणेही आले, एक त्याच्या मापाच्या वहीवर पडला. शिजलेला होता, म्हणाला, आणि गरम.

ताई, शिजल्याचं मी लिहिलं नव्हतं.

तेव्हापासून गल्लीत एक कबुतर नाही. सकाळ इतकी गप्प असते की शेजारच्यांच्या नळाचे थेंब मोजता येतात. परवा दुपारी वर कुठेतरी ‘फट्’ झालं. ही म्हणाली, कोणीतरी दार आपटलं. बाबांनी फक्त डोळे मिटून घेतले. मी वर गेलो. गच्चीला कुलूप होतं, ते माझ्याच किल्लीने उघडलं. वर कोणीही नव्हतं. टाकीच्या झाकणावर एक पीस होतं आणि तीन-चार दाणे, टरारून फुगलेले. मी हात लावला नाही. थाप माझी, आणि पाचावर धारण बसली तीही माझीच. कठडा धरून धरून खाली आलो आणि हिला सांगितलं की मांजर होतं.

भाऊजींना नमस्कार, मुलांना पापे. रागावली असशील तर तेही लिही.

तुझा,
धाकटा

ता. क. खरं काम राहिलंच. तू विज्ञान शिकवतेस, बाबा तुझं ऐकतात. शाळेच्या छापील कागदावर, शिक्क्यानिशी, लिहून पाठव की तांदळाने पक्षी फुटत नाहीत, ते कच्च्या धान्यावरच जगतात. माझं नाव मध्ये आणू नकोस. आणि लिहिण्याआधी एकदा, फक्त माझ्यासाठी, पुस्तकात बघून घे.

आणखी ता. क. कागद राहू दे, तूच ये. मिळेल त्या गाडीने ये. मी पाकीट शोधत होतो तेवढ्यात बाबांनी डब्यातून मूठभर कच्चा तांदूळ काढला, न चावता गिळला, वर दोन पेले पाणी प्यायले आणि खिडकीशी खुर्ची ओढून बसले. म्हणाले, मुक्या जीवांना जे दिलं ते आपणही एकदा घेऊन पाहावं. अकराला बसलेत, आता सव्वाबारा झाले. काही होत नसतं, हे माझ्याइतकं कोणाला माहीत? तरी मी शेजारी स्टुलावर बसून एका हाताने हे लिहितोय, आणि दुसरा हात त्यांच्या पोटावर ठेवलाय.